भूल कोण देणार?

सांगली-विटा एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ गलाईवाले निघाले. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यांतलेच एक. दुकान कोइमतूरला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी महिनाभर गावी आलेले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिची तपासणी झाली, रक्त-लघवी झाली, गोळ्या फुकट मिळाल्या, नर्सबाई चांगल्या बोलल्या. सगळं व्यवस्थित. शेवटी मात्र सांगण्यात आलं, ‘सिझर लागलं तर मिरजेला न्यावं लागेल. इथं भुलीचे डॉक्टर नाहीत.’

“सर, मी पेपरात वाचतो,” ते म्हणाले, “सरकारी एमडी डॉक्टरला लाखाच्या वर पगार. राहायला क्वार्टर. तरी माणूस का मिळत नाही? गावात राहायचंच नसतं ह्या लोकांना, दुसरं काय!”

हा प्रश्न जतच्या बाजारात ऐकू येतो, दहिवडीच्या स्टँडवर येतो, पाटणच्या खोऱ्यात येतो. ‘राहायचंच नसतं’ हे उत्तर खोटं नाही, पण फार अपुरं आहे. राहायचं का नसतं, याचा हिशेब मांडता येतो. तो मांडायला पाचवी-सहावीचं गणित पुरतं.

१. महाबळेश्वरचा पाऊस, दहिवडीचा पाऊस

आधी ‘तज्ज्ञ’ कोणाला म्हणायचं ते पाहू. बारावीनंतर एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. हा झाला डॉक्टर. त्यानंतर एखाद्याच विषयात तीन वर्षं एमडी, एमएस किंवा डीएनबी केलं की तो तज्ज्ञ: सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर वगैरे. त्याच्याही पुढे आणखी तीन वर्षं शिकून हृदयाचे, मेंदूचे, किडनीचे डॉक्टर होतात. त्यांना या प्रकरणात आपण फक्त लांबून नमस्कार करू.

देशात डॉक्टर किती? केंद्र सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की साधारण ८३६ माणसांमागे एक डॉक्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या हजारामागे एक या प्रमाणापेक्षाही हे चांगलं. पण या हिशेबात आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर मिळवलेले आहेत, तज्ज्ञ आणि साधे डॉक्टर एकत्र आहेत, आणि मुख्य म्हणजे ही सरासरी आहे.

सरासरीचं काय होतं हे सातारा जिल्ह्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. दोन्हींची सरासरी काढून दहिवडीच्या शेतकऱ्याला ‘तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो’ असं सांगितलं, तर तो तुम्हाला चहासुद्धा पाजणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांचा पाऊस असाच पडतो. कराड, सातारा शहर, सांगली आणि सगळ्यात जास्त मिरज इथं धो धो. माण, खटाव, जत, आटपाडी इथं ढग येतात आणि जातात.

ढग येतात हे खरंच. तालुक्याच्या गावी एखाद्या मेडिकल दुकानाबाहेरचा बोर्ड वाचा. ‘मेंदूविकार तज्ज्ञ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.’ ‘मूत्ररोग तज्ज्ञ, दुसऱ्या व चौथ्या गुरुवारी.’ खाली नाव नोंदवायचा नंबर. दुकानामागच्या खोलीत एक टेबल, एक कॉट, हिरवा पडदा. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, म्हणून काही जण वार तसा निवडतात. हे डॉक्टर मोजणीत कुठं धरायचे? पत्ता मिरजेचा, पेशंट जतचे, आणि जतच्या वाट्याला महिन्यातले चार तास.

२. एक पद, १६८ तास

आता सरकारी बाजू. सरकारी निकष असा की सपाट भागात सव्वा लाखाच्या आसपास, नेमकं सांगायचं तर १,२०,००० लोकवस्तीमागे, तीस खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय असावं. डोंगराळ आणि आदिवासी भागात ८०,००० मागे. तिथं सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियांसाठी भूलतज्ज्ञ हवेत.

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ होती. मिळून अठ्ठावन्न लाख. डोंगराचा हिशेब बाजूला ठेवून १,२०,००० ने भागलं तर ४८ रुग्णालयं येतात. प्रत्येकी पाच तज्ज्ञ धरले तर २४०. दोन जिल्ह्यांना मिळून २४० तज्ज्ञ सरकारी नोकरीत आणले की प्रश्न संपला, असं वाटतं.

तसं नाही, कारण बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. आठवड्यात ७ गुणिले २४ म्हणजे १६८ तास. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं तरी उरले १२० तास. ज्या दवाखान्याच्या फलकावर ‘भूलतज्ज्ञ: १ पद, भरलेले’ असं लिहिलंय, तिथंही आठवड्यातले १२० तास भूलतज्ज्ञ नाही. चोवीस तास कोणीतरी हजर हवं असेल तर १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, घरातलं लग्न, कोर्टात साक्ष हे धरून चार. आता २४० ला चारने गुणा. ९६०.

सरकारी तक्त्यात एक पद म्हणजे एक सेवा असं गृहीत धरलेलं असतं. गावात पाण्याची टाकी आहे म्हणजे नळाला चोवीस तास पाणी आहे असं समजण्याचाच हा प्रकार. मग त्या एका पदावरच्या माणसाने काय करायचं? एक तर वर्षभर रात्रंदिवस उशाशी फोन घेऊन झोपायचं, नाहीतर ‘मिरजेला न्या’ म्हणायचं. पहिले सहा महिने तो पहिलं करतो.

आणि ही गोष्ट पद भरलेलं असतानाची. ३१ मार्च २०२२ च्या केंद्राच्या आकडेवारीत देशभरातल्या अशा ग्रामीण रुग्णालयांत गरजेच्या तुलनेत तज्ज्ञांची तूट ७९.५ टक्के होती. सर्जन ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२. म्हणजे पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या, आणि पाचव्या खुर्चीवरचा माणूस १६८ पैकी ४८ तास.

३. गलाईवाला आणि भूलतज्ज्ञ

एसटीतल्या गृहस्थांना मी विचारलं, “तुम्ही कोइमतूरलाच का गेलात? एखाद्या खेड्यात का नाही?” ते हसले. “खेड्यात सोनं कोण गाळायला देणार? जिथं सराफ बाजार, तिथं आम्ही. पन्नास सोनार असले की एक गलाईवाला पोटाला खातो.”

भूलतज्ज्ञाचं अर्थशास्त्र याहून सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

भूलतज्ज्ञाकडे पेशंट थेट येत नाही. ‘जरा भूल द्या’ म्हणून कोणी दार वाजवत नाही. त्याला काम देतो सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हाडांचा डॉक्टर. गावोगावचे बहुतेक भूलतज्ज्ञ कुठल्याच एका दवाखान्याचे नोकर नसतात. फोन आला की जायचं, केस करायची, पुढच्या दवाखान्यात जायचं. गाडीच्या डिकीत एक पेटी असते: घशात नळी घालायचा लॅरिंजोस्कोप, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग, मणक्यात भूल देण्याच्या बारीक सुया, आणि औषधांचा डबा. माझ्या ओळखीतल्या एक भूलतज्ज्ञ बाई डबा रोज रात्री स्वतः लावतात, मुलांच्या शाळेच्या दप्तरांशेजारीच. गळीत हंगामात रात्री रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, मागे दिवे नसतात, आणि दवाखान्यातून दर पाच मिनिटांनी फोन येत असतो, ‘मॅडम, कुठंपर्यंत?’ त्यांच्याकडे एक छोटी वहीही आहे. तारीख, दवाखाना, कसली केस, रक्कम, आणि शेवटचा रकाना ‘आले / नाही’. शेवटच्या रकान्यात रिकाम्या जागा बऱ्याच.

कारण पैसा पेशंटकडून सर्जनकडे जातो आणि तिथून यांच्याकडे. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली असेल तर योजना दवाखान्याला एका आजाराची एकच ठरावीक रक्कम देते. त्यातच ऑपरेशन थिएटर, औषधं, खाट, सर्जन, भूल, सगळं. कोणाला किती हे दवाखाना ठरवतो. ‘योजनेचं बिल आलं की बघू’ हे वाक्य भूलतज्ज्ञांनी जितकं ऐकलंय तितकं क्वचितच कोणी ऐकलं असेल.

आता गणित. १,२०,००० लोकवस्तीत वर्षाला बाळंतपणं किती? नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ होता. म्हणजे वर्षाला १,८०० बाळं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. म्हणजे सुमारे ४५० सिझर, दिवसाला एक-सव्वा. त्यांतली बरीच खाजगी दवाखान्यांत किंवा शहरात होतात. सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या वाट्याला तिसरा हिस्सा धरला तर वर्षाला दीडशे. दर दोन-अडीच दिवसांनी एक.

हिशेबापुरता एका केसला ३,००० रुपये दर धरू. हा दर मी सोयीसाठी घेतलाय, खरा दर गावागणिक आणि केसगणिक बदलतो. तालुक्यातल्या सगळ्या सिझर एकाच भूलतज्ज्ञाला मिळाल्या तरी महिन्याला सदतीस केसेस, सुमारे एक लाख अकरा हजार. त्यासाठी त्याने तीसही दिवस आणि तीसही रात्री गाव सोडायचं नाही. मिरजेत दिवसाला पाच केसेस करणारा, रविवार सोडून पंचवीस दिवसांत, तीन लाख पंचाहत्तर हजार मिळवतो. शिवाय रात्री नको असेल तर ‘आज दुसऱ्याला बोलवा’ म्हणू शकतो, कारण दुसरा आहे.

गावात राहण्याची तयारी असलेला माणूससुद्धा या गणितापुढे थांबतो. काम कमी असण्याचा दुसरा तोटा पैशाचा नाही. दोन-अडीच दिवसांतून एकदा भूल देणाऱ्याचा हात बसत नाही. अवघड केस वर्षातून एखादी येते, आणि तेव्हाच तो एकटा असतो.

४. मिरजच का?

पन्नास सोनार एका जागी कसे जमले, हे आता पाहायला हवं. मिरजेची ख्याती सतारी-तंबोऱ्यांची आणि डॉक्टरांची. दोन्हींत एकाने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने शेजारी दुकान टाकलं, असं होत गेलं.

विल्यम जेम्स वॉनलेस हा मिशनरी सर्जन १८८९ मध्ये या भागात आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं मिशन हॉस्पिटल उघडलं. मिरज रेल्वेचं जंक्शन होतं, ही गोष्ट मला त्याच्या शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची वाटते. कर्नाटकातून, कोल्हापूरकडून, पुण्याकडून गाडीने थेट येता यायचं. तीनच वर्षांत, १८९७ मध्ये, त्याने तिथं वैद्यकीय शाळा काढली. शिकलेले विद्यार्थी आसपास राहिले. सांगली आणि मिरजेच्या मधल्या क्षयरोग्यांच्या दवाखान्याभोवतीची वस्ती आजही वॉनलेसवाडी म्हणून ओळखली जाते. मग १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं.

महाविद्यालय आलं की काय होतं? मान्यतेसाठी प्रत्येक विषयाचा विभाग लागतो, विभागाला प्राध्यापक, सहयोगी, सहायक लागतात. एकट्या माणसाला न परवडणारी जागा एकदम दहा जणांना परवडू लागते. दरवर्षी नवे तज्ज्ञ तयार होतात, त्यांतले काही शहरातच दवाखाना टाकतात. सर्जन वाढले की भूलतज्ज्ञाला काम मिळतं. भूलतज्ज्ञ सहज मिळतो म्हणून आणखी सर्जन येतात. मग पॅथॉलॉजी, रक्तपेढी, सीटी स्कॅन, रात्री उघडी मेडिकल, नातेवाइकांसाठी खानावळी. अथणी, विजापूरहून पेशंट येतात. ‘मिरजेला हलवलं’ हे वाक्य सांगली जिल्ह्यात ‘गंभीर आहे’ या अर्थाने वापरतात, ते या सव्वाशे वर्षांच्या साठ्यावर.

साताऱ्याच्या बाजूला हेच काम १९८४ मध्ये सुरू झालेल्या कराडच्या कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाने केलं. सांगलीत २००५ मध्ये भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आलं, पुढे इस्लामपूर आणि मायणीलाही महाविद्यालयं निघाली. सातारा शहरात शासकीय महाविद्यालयाची शंभर जागांची पहिली तुकडी २०२१-२२ मध्ये बसली. यांतली मायणी मला कुतूहलाची वाटते. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात महाविद्यालयाने तज्ज्ञांचा बाजार उभा राहतो का, याचा प्रयोगच तो. राजकीय पुढारी ‘आमच्याकडे कॉलेज द्या’ म्हणतात तेव्हा त्यात प्रतिष्ठा, जमिनी, संस्था सगळं असतं, पण त्यांची मागणी आर्थिकदृष्ट्या अडाणी नसते.

५. डमरूचा आकार

आता वयाकडे वळू. अठराव्या वर्षी प्रवेश. साडेतेविसाव्या वर्षी एमबीबीएस. नीट-पीजीच्या अभ्यासात वर्ष, कधी दोन. तीन वर्षं एमडी. शासकीय महाविद्यालयातून शिकलेला असेल तर वर्षभर सरकारी सेवेचा बाँड. तो पाळला नाही तर महाराष्ट्रात एमबीबीएसला दहा लाख आणि पदव्युत्तरला पन्नास लाख दंड. म्हणजे एकोणतीस-तीस वय होईस्तोवर हा विद्यार्थी किंवा बाँडवरचा. त्याच्या शाळेतला मित्र तोवर इंजिनिअर होऊन सात-आठ वर्षं पगार घेतोय, फ्लॅटचे हप्ते भरतोय.

या रचनेमुळे सरकारी यंत्रणेत वयाचा आकार डमरूसारखा होतो. एका टोकाला बाँडवर आलेली अठ्ठावीस-तिशीची मुलं-मुली. वर्ष भरलं की दाखला घेऊन निघाली. दुसऱ्या टोकाला शासकीय सेवेत केस पिकलेली माणसं, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत, जिथं सत्तराव्या वर्षापर्यंत शिकवता येतं, निवृत्तीनंतर रुजू झालेले प्राध्यापक. मधला पस्तीस ते पंचावन्नचा पट्टा, हात बसलेला, अंगात ताकद असलेला, तो खाजगीत. खाजगी दवाखान्यांचा आकार उलटा, मध्ये फुगलेला मृदंग. जतच्या पेशंटला डमरूचं अलीकडचं टोक भेटतं, तेही वर्षावर्षाला बदलणारं.

मधला पट्टा सरकारात का थांबत नाही? सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, विशेषज्ञाचं ६७,७०० पासून. फरक ११,६०० रुपये. आयुष्यातली उमेदीची तीन वर्षं आणि देशातली एक अत्यंत कठीण परीक्षा, यांची सरकारी किंमत महिना ११,६००! वर महागाई भत्ता, घरभाडं आणि खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता मिळून रक्कम लाखाच्या पुढे जाते. एसटीतल्या गृहस्थांनी वाचलेला आकडा तोच.

आता दुसरी बाजू. अभिमत विद्यापीठात एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. वसतिगृह, पुस्तकं धरून पदवी पदरात पडेपर्यंत कोटीचा आकडा येतो, पदव्युत्तरची फी वेगळीच. समजा एक कोटीचं कर्ज दहा वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं. महिन्याचा हप्ता सुमारे १,३२,००० रुपये. सरकारी विशेषज्ञाचा सुरुवातीचा पगार हप्त्यातच संपतो. खायचं काय? याचा अर्थ असा की फी वाढते तेव्हाच पाच-दहा वर्षांनंतरची ग्रामीण रुग्णालयातली खुर्ची रिकामी होत असते. फी ठरवणारा विभाग आणि खुर्ची भरणारा विभाग वेगळे, म्हणून हे कोणाच्या फायलीत दिसत नाही.

जागा वाढवल्या की प्रश्न सुटेल असं म्हणतात. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, २०२४ पर्यंत १,१२,११२ झाल्या. पदव्युत्तर जागा ३१,१८५ वरून ७२,६२७. वाढ मोठी आहे. पण पाऊस वाढला म्हणून तो दहिवडीलाच पडेल असं नाही.

६. पाटीवर दोन नावं

इस्लामपूर, कराड, विटा, फलटण, कुठल्याही गावात दवाखान्यांच्या पाट्या वाचत चला. दोन नावं, एकच आडनाव. नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ. बायको स्त्रीरोग, नवरा बालरोग. लग्नं जुळवताना हे बघितलं जातं हे उघड गुपित आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. घरातच ऑपरेशन थिएटर पूर्ण होतं. रात्री दोन वाजता भुलीसाठी कोणाला फोन करायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी जे तज्ज्ञ टिकलेत, त्यांत अशी जोडपी फार आहेत. तज्ज्ञ सुटा येत नाही, संचाने येतो, आणि सगळ्यात लहान संच म्हणजे नवरा-बायको. सरकारी बदल्यांच्या पद्धतीत मात्र हा संच सहज मोडतो. एकाला शिराळा, दुसरीला जत.

आता या जोडप्यातल्या बायकोचा पगार किती, ते सांगा. बिल दवाखान्याच्या नावाचं. भुलीचा आकार बिलात आहे, पण तो वेगळा कोणाला दिला जात नाही, कारण द्यायचा कोणाला? घरातच तर आहे. उद्या कोणी ‘सांगली जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांची कमाई’ असा अभ्यास केला, तर या बाई शून्यात तरी दिसतील किंवा दिसणारच नाहीत. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्याची ही एमडी आवृत्ती.

जगातही चित्र फार वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार आरोग्य आणि शुश्रूषेच्या क्षेत्रात ६७ टक्के कामगार स्त्रिया आहेत, आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी आहे. आपल्याकडे २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या अभ्यासात अॅलोपॅथीच्या डॉक्टरांत स्त्रिया जेमतेम १७ टक्के होत्या. ते चित्र वेगाने पालटतंय. नीट परीक्षेत पात्र ठरणाऱ्यांत गेली काही वर्षं मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग यांच्या वर्गांत मुलींची मोठी संख्या दिसते, सर्जरी आणि ऑर्थोत कमी. पुढच्या वीस वर्षांत तालुक्याला जाणारा तज्ज्ञ बहुधा ‘ती’ असेल. तिला रात्री पोचवायला गाडी, क्वार्टरच्या आवारात दिवा, मुलाला शाळा आणि नवऱ्याला त्याच गावात काम हवं. हे सगळं पगाराच्या तक्त्याबाहेरचं आहे, आणि निर्णय मात्र त्यावरच होतो.

७. हाताला जास्त, तोंडाला कमी

तज्ज्ञातज्ज्ञांतही कमाई सारखी नसते. सांधा बदलणाऱ्या ऑर्थोची कमाई बालरोगतज्ज्ञापेक्षा जास्त, हे साताऱ्यात खरं आहे आणि अमेरिकेतही. दोन्हीकडे कारण एकच: केलेल्या कामाचे पैसे मोजून मिळतात, विचार केल्याचे आणि समजावून सांगितल्याचे मिळत नाहीत. तापलेल्या बाळाच्या आजीला वीस मिनिटं समजावून अँटिबायोटिक न देता घरी पाठवणारा डॉक्टर एक तपासणी फी घेतो. तेवढ्या वेळात शेजारी एक प्लास्टर होतं.

अमेरिकेत हार्वर्डच्या विल्यम शाओ यांनी प्रत्येक वैद्यकीय कामाला वेळ, कौशल्य आणि ताण यांचं वजन लावायची पद्धत तयार केली. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत ती १९९२ पासून लागू झाली. दरी थोडी भरली, बुजली नाही. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेतल्या मेंदूच्या सर्जनचं आणि मानसोपचारतज्ज्ञाचं मूळ वेतन एकाच श्रेणीत असतं. आपल्याकडे सरकारात ब्रिटन आणि बाहेर अमेरिका, असे दोन्ही देश एकाच रस्त्यावर आमनेसामने नांदतात.

पदव्युत्तर प्रवेशात वरच्या क्रमांकाची मुलं रेडिओलॉजी का घेतात, हेही यातून कळतं. कमाई बरी आणि रात्री उठावं लागत नाही. रेडिओलॉजिस्टवर आपल्या कायद्याने एक वेगळं बंधन घातलंय. गर्भलिंगनिदानाला आळा बसावा म्हणून २०१२ च्या नियमानुसार एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सोनोग्राफी केंद्रांवर नाव लावता येतं. कायद्याचा हेतू योग्यच आहे, आणि या पट्ट्याला त्याची गरजही होती. पण परिणाम असा की फिरता भूलतज्ज्ञ सहा दवाखाने करतो, रेडिओलॉजिस्ट दोनच करू शकतो, आणि ती दोन साहजिकच शहरातली निवडतो.

८. ‘तुम्हीच आकडा सांगा’

सरकारला हे कळत नाही असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्यांना मुभा आहे की तज्ज्ञाने आपल्या मानधनाचा आकडा सांगावा आणि सरकारने तो द्यावा. दुर्गम भागासाठी वेगळा भत्ता आहे. सिझरसाठी बोलावलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला, भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन आहे. एमबीबीएस डॉक्टरला काही महिने शिकवून तातडीची भूल देण्यापुरतं तयार करायची योजनाही आहे. मला स्वतःला ही शेवटची सगळ्यात शहाणपणाची वाटते. वरची डिग्री असलेला माणूस जतला येत नसेल, तर जतला असलेल्या माणसाला तेवढं काम शिकवावं.

वहीवाल्या बाईंना मी एकदा विचारलं, “समजा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तुम्ही सांगाल तो आकडा दिला, तर जाल?”

मला वाटलं त्या आकडा सांगतील. त्यांनी उलट विचारायला सुरुवात केली. तिथला सर्जन कायमचा आहे की बाँडवरचा? स्त्रीरोगतज्ज्ञ राहायला गावात आहे का? रक्त साठवायचा फ्रीज चालू आहे का, की प्रत्येक वेळी मिरजेहून पिशवी आणायची? बाळ रडलं नाही तर बघायला कोण? ऑक्सिजनचा सिलिंडर कोण बदलतो? आणि रविवारी माझ्या जागी दुसरं कोण?

मी म्हटलं, दुसरं कोणी नाही. एकच पद आहे.

“मग रविवारी बाई अडली तर?”

“मिरजेला.”

“मी मिरजेतच असते की,” त्या म्हणाल्या, आणि डब्यातल्या नळ्या मापाप्रमाणे लावू लागल्या.